तुमचा 'सा' कोणता?

(सामुदायिक रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)



सकाळची घाई संपली असेल. कुणी भाजी निवडत असाल, कुणी शिलाई मशीनवर बसल्या असाल, कुणी शेतातून येऊन आत्ताच टेकल्या असाल. हातातलं काम चालू द्या. आजच्या विषयाला हात गुंतलेले असले तरी चालतात, गळा तेवढा मोकळा ठेवा.

गाण्याबद्दल सांगा, असं आपल्या केंद्रावर बऱ्याच जणींनी कळवलं. एक म्हणाली, "ताई, माही पोरगी गाण्याच्या क्लासले जाते. तिच्या वहीत कोमल, तीव्र, सम, खाली असं काय काय लिहिलेलं असते. मले त्यातलं काहीच समजत नाही. तिनं विचारलं तर काय सांगू?" दुसरी म्हणाली, "आमचं भजनी मंडळ आहे. पण पेटी सुरू झाली की आमचा आवाजच निघत नाही. आमचे गळेच खराब आहेत का वो?"

या दुसऱ्या प्रश्नानं मला माझी शाळा आठवली. मी आठवीत होते. प्रार्थनेला पुढच्या रांगेत उभी राहायची. गाण्याचे गुरुजी पेटी वाजवायचे. एक दिवस वरच्या ओळीला माझा आवाज चिरकला, मुली हसल्या, आणि गुरुजी म्हणाले, "तू नुसते ओठ हलव." ते रागावले नव्हते, सहज बोलून गेले. पण मी दहावी होईपर्यंत नुसते ओठच हलवले. घरी आरतीला टाळ्या वाजवायच्या, लग्नात मुली गाणी म्हणायला लागल्या की स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. आपल्याला गळा नाही, हे मी धरूनच चालले होते.

पुढे अमरावतीला कॉलेजात असताना मैत्रिणीच्या आग्रहानं एका बाईंकडे गाणं शिकायला गेले. पहिल्या दिवशी बाईंनी मला गाणं म्हणायला सांगितलंच नाही. पेटीची एकेक पट्टी दाबून त्या म्हणाल्या, "हिच्यात आवाज मिसळून बघ." एक पट्टी झाली, दुसरी झाली. असं करत करत एका काळ्या पट्टीवर त्या थांबल्या. तिथे माझा आवाज कसलेही कष्ट न पडता निघाला. बाई म्हणाल्या, "हा तुझा सा. आता गा."

इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या सा वर गायला बघत होते. ही एवढीच गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली असती तर! म्हणून आज तुम्हाला सांगणार आहे. पण नीट समजावी यासाठी आधी लय, मग ताल आणि मग स्वर असं क्रमानं घेऊ. तिन्ही गोष्टी तुमच्या ओळखीच्या आहेत. नावं तेवढी आज ठेवू.

आधी लय. अकोल्याला श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला कावड येते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी भरून, ते खांद्यावर घेऊन शिवभक्त अनवाणी चालत येतात. आपल्यापैकी कितीतरी जणी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून ती बघतात. पुढच्या वेळी त्यांच्या पायांकडे बघा. खांद्यावर वजन आहे, बरोबर दहा-वीस माणसं आहेत, म्हणून सगळ्यांचे पाय एका चालीत पडतात. एकानं पाय मागेपुढे टाकला की कावड हिंदकळते. दोन पावलांमधलं हे सारखं अंतर म्हणजे लय. एकेक पाऊल ही एक मात्रा. मात्रा म्हणजे गाण्यातला वेळ मोजायचं माप, तांदळासाठी वाटी असते तसं.

चाल सावकाश असेल तर ती विलंबित लय, मधली असेल तर मध्य आणि भरभर असेल तर द्रुत. एवढंच आहे ते. यात चूक कुठे होते ते सांगते. मंडळाचं भजन सुरू होतं बैलगाडीच्या चालीनं आणि संपतं एस.टी.च्या वेगानं! मुद्दाम लय वाढवली तर त्यात मजा आहे, भजनात ती वाढवतातही. पण आपल्या नकळत वाढली तर ती चूक. अशा वेळी एका बाईनं फक्त टाळ सांभाळायचे आणि बाकीच्यांनी तिच्याकडे लक्ष ठेवायचं. ती बाई गाणाऱ्यांइतकीच महत्त्वाची असते.

आता ताल. माझ्या आजीकडे जातं होतं. पहाटे आजी आणि मोठी काकू समोरासमोर बसून दळायच्या. खुंटा हातातून पुढे जायचा, समोरून फिरून परत आपल्याजवळ यायचा. ओवी त्या फिरण्यावर बसलेली असायची. खुंटा जवळ येताना हाताला जोर लागायचा आणि शब्दावरही तिथेच जोर पडायचा. आजीला ताल हा शब्द कुणी शिकवला नव्हता, पण तालाचा गाभा तिच्या हातात होता. ताल म्हणजे मात्रांचं गोल फिरणं. ठरावीक मात्रा झाल्या की परत पहिल्या मात्रेवर यायचं. एका फेरीला आवर्तन म्हणतात आणि जिथे परत येतो त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. मैफलीत गायक समेवर आला की ऐकणाऱ्यांची मान आपोआप हलते. खुंटा जवळ आला, म्हणून हलते.

तुमच्या मुलीच्या वहीत 'खाली' असं लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ सांगते. तीनताल सोळा मात्रांचा. त्याचे चार-चार मात्रांचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यायची. नवव्या मात्रेला टाळी न देता हात बाजूला उघडायचा. ती खाली. तबला ऐका, त्या ठिकाणी डग्ग्याची घुमक थांबते आणि आवाज पोकळ होतो. आवर्तन अर्धं झालं, आता समेकडे जायचं आहे, ही ती खूण.

आपल्याला रोज लागणारे ताल दोन. केरवा आठ मात्रांचा आणि दादरा सहा मात्रांचा. चालत चालत म्हणता येईल असं भजन बहुतेक केरव्यात असतं. झोका दिल्यासारखं, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असं हलणारं गाणं बहुधा दादऱ्यात. पाळण्याची दोरी हातात असताना तुम्ही दादराच धरलेला असतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातातली खंजिरी तर आपल्या भागात घरोघर माहीत आहे. महाराज याच जिल्ह्यातल्या यावलीचे. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम सुरू केला. एवढ्या मोठ्या जनसमुदायाला त्यांनी गायला लावलं ते एका खंजिरीवर. तबला नाही, पखवाज नाही तरी अडलं नाही. हजारो माणसांनी एकत्र गायचं असेल तर सगळ्यात आधी ठेका पक्का लागतो. गुरुकुंजाची सामुदायिक प्रार्थना ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

लय झाली, ताल झाला. आता स्वर.

पाण्याचा तांब्या खाली पडला तर नुसता आवाज होतो. देवळातली घंटा वाजली तर नाद होतो. फरक काय? घंटेची कंपनं एकसारखी, नियमित असतात, म्हणून तो आवाज कानाला धरून ठेवता येतो. कंपनं जास्त तितका आवाज उंच, म्हणजे बारीक. कंपनं कमी तितका तो खालचा, म्हणजे जाड. आवाज उंच असणं आणि मोठा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डासाचा आवाज उंच असतो, पण मोठा नसतो. मंडळात "वरचा सूर लावा" म्हटलं की बायका जोरात ओरडतात, ते या गोंधळामुळे.

असे सात मुख्य स्वर आपण मानले. षड्ज, ऋषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद. रोजच्या बोलण्यात सा रे ग म प ध नी. नी नंतर परत सा येतो. तो पहिल्यासारखाच वाटतो, पण उंच असतो. पहिल्या सा ची सेकंदाला २४० कंपनं धरली, तर वरच्या सा ची बरोबर दुप्पट, ४८० असतात. आणि मधल्या प ची ३६०, म्हणजे दीडपट. सा आणि प एकत्र वाजले की कानाला इतके गोड लागतात, ते या सोप्या हिशोबामुळे. तंबोऱ्याच्या तारा याच दोन स्वरांत लावतात. एक तार प ची आणि बाकीच्या सा च्या.

सा पासून नी पर्यंतच्या सात स्वरांना सप्तक म्हणायचं. खालचं मंद्र, मधलं मध्य, वरचं तार. मुलीच्या वहीत अक्षराखाली टिंब असेल तर तो मंद्रातला स्वर आणि वर टिंब असेल तर तार सप्तकातला. टिंब नसेल तर मधला.

आता कोमल आणि तीव्र. सा आणि प हे दोघे आपल्या जागा सोडत नाहीत, म्हणून त्यांना अचल म्हणतात. रे, ग, ध, नी हे चार आपल्या जागेवरून थोडे खाली उतरू शकतात. उतरले की ते कोमल. म खाली उतरत नाही, तो वर चढतो. चढला की तीव्र. सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र मिळून झाले बारा. वहीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते आणि तीव्र म च्या डोक्यावर उभी रेघ. ही पद्धत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. हे मुंबईचे वकील. १८६० साली जन्मलेले. ज्या काळात गाणं फक्त गुरूच्या तोंडून मिळायचं, त्या काळात त्यांनी देशभर फिरून उस्तादांकडच्या चिजा जमवल्या, लिहून काढल्या आणि छापल्या. रागांची वाटणी दहा थाटांत केली ती त्यांनीच. त्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मोठा ग्रंथ मूळ मराठीत आहे आणि तो गुरु-शिष्याच्या प्रश्नोत्तरांसारखा लिहिलेला आहे. त्यांच्याच काळात कुरुंदवाडला जन्मलेले पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तुमच्या मुली प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा ज्या परीक्षा देतात, त्या घेणारं मंडळ त्यांच्याच शिष्यांनी उभं केलेलं. या दोघांमुळे गाणं चार भिंतींतून बाहेर आलं आणि आपल्यासारख्या घरांतल्या मुलींच्या वहीत पोचलं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. इथे थोडं नीट ऐका.

पेटीवर पांढऱ्या पट्ट्या असतात आणि काळ्या असतात. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, मिळून बारा. म्हणून पुष्कळांना वाटतं की पांढऱ्या म्हणजे शुद्ध स्वर आणि काळ्या म्हणजे कोमल-तीव्र. तसं नाही. पांढरी एक ही पट्टी सा धरली, तरच ते तसं जमतं. काळी एकला सा धरलात तर शुद्ध रे कुठे येतो? काळी दोनवर. शुद्ध ग येतो पांढरी चारवर, आणि प काळी चारवर. म्हणजे पट्टीला स्वराचं नाव कायमचं चिकटलेलं नसतं. आपण सा जिथे ठेवू, तिथून बाकीचे स्वर आपापल्या अंतरावर जाऊन बसतात.

घराचं उदाहरण घ्या. "देवघराच्या उजवीकडे स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर" असं आपण सांगतो. घर अकोल्यात असो की अचलपुरात, देवघर ठरलं की बाकीच्या खोल्या सांगता येतात. सा म्हणजे ते देवघर. ते कुठे असावं हे बाहेरचं कुणी ठरवत नाही, ज्याचं घर तो ठरवतो. गाण्यात ज्याचा गळा तो ठरवतो. या जागेलाच आपल्याकडे पट्टी म्हणतात. "तुमची पट्टी कोणती?" म्हणजे तुमचा सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर आहे?

पुरुषांचा सा साधारणपणे काळी एक, पांढरी दोन असा असतो. बायकांचा बहुधा काळी चार, काळी पाच असा. कुणाचा एक-दोन पट्ट्या इकडे, कुणाचा तिकडे. बाईच्या गळ्यातल्या स्वरतंतूंची लांबी पुरुषापेक्षा कमी असते, म्हणून हा फरक. यात चांगलं-वाईट काही नाही.

आता त्या भजनी मंडळाकडे या. दर्यापूरकडच्या एका मंडळाला मी भेटायला गेले होते. बारा-तेरा बायका, एक पेटीवाले भाऊ. भाऊंचा हात चांगला, माणूसही चांगला. पण ते पेटी धरायचे पांढरी दोनमध्ये, कारण ती त्यांच्या स्वतःच्या गळ्याची पट्टी. बायकांपुढे दोन रस्ते उरायचे. भाऊंच्या बरोबरीनं खालच्या सप्तकात गायचं, तर मंद्रातले स्वर घशातच अडकायचे. नुसती पुटपुट व्हायची. नाहीतर एक सप्तक वर जाऊन गायचं, तर अंतऱ्यात तार सा आला की आवाज फाटायचा. खाली विहीर आणि वर डोंगर! मग अर्ध्या बायका गप्प बसायच्या आणि उरलेल्या दोघी-तिघी ओरडून भजन पार पाडायच्या. त्यांच्यात साठीच्या एक काकू होत्या. वर्षानुवर्षं फक्त टाळ वाजवायच्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही म्हणा ना एखादी ओळ." तर म्हणाल्या, "माह्या गळा नाही वो बाई तसा. मले टाळच बरे."

मी भाऊंना विनंती केली, पेटी पांढरी दोनऐवजी काळी चारमध्ये घेता का? मोजून सहा पट्ट्यांचा फरक. ते जरा बिचकले. म्हणाले, "ताई, माझी बोटं याच पट्टीत बसलेली आहेत." तेही खरं होतं. पट्टी बदलली की बोटांची जागा बदलते, सराव नव्यानं करावा लागतो. मी त्यांना म्हटलं, आज फक्त सा आणि प धरून ठेवा, बाकी काही वाजवू नका. तंबोऱ्यासारखे दोनच स्वर. त्यांनी धरले. बायकांनी नेहमीचंच भजन सुरू केलं. दुसऱ्या ओळीला टाळ वाजवता वाजवता काकूंच्या तोंडून आवाज निघाला. थोडा जाडसर, पण स्वच्छ आवाज. त्यांचं त्यांनाही समजलं नाही. शेजारणीनं वळून बघितलं तेव्हा त्या लाजल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा म्हणा नं."

काकू एका दिवसात गायिका झाल्या असं मी म्हणणार नाही. सूर इकडे-तिकडे होत होता, त्याला सराव लागेल. पण माझा गळा खराब आहे, हे जे त्या आयुष्यभर धरून बसल्या होत्या, ते त्या दिवशी सुटलं. पेटीवाल्या भाऊंनीही नंतर काळी चारचा सराव केला. त्याला त्यांना दोन-अडीच महिने लागले. मंडळासाठी एका माणसानं एवढे कष्ट घेतले, याचं मला कौतुक वाटतं.

आपल्या घरातही हेच होतं बघा. आरती कोण सुरू करतं? बहुतेक घरांत दादा, मामा किंवा आजोबा. जो सुरू करतो तो आपल्या नकळत आपली पट्टी ठरवतो. मग घरातल्या बायका पहिल्या कडव्यात पुटपुटतात, वरच्या ओळीला थांबतात आणि टाळ्या वाजवतात. कुणाचा काही वाईट हेतू नसतो. या गणपतीत एक दिवस आरती तुम्ही सुरू करून बघा. तुमच्या सोयीच्या उंचीवर. पुरुषांना त्यात सामावून घेता येतं, ते एक सप्तक खाली गातात. एखाद्या दिवशी त्यांनाही थोडी ओढाताण होऊ द्या की!

उलट भुलाबाईची गाणी आठवा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या विदर्भात अंगणाअंगणात मुली भुलाबाई म्हणतात. तिथे कधी कुणाचा आवाज फाटलेला ऐकलात का? मला तरी आठवत नाही. कारण तिथे पेटी नाही, पट्टी ठरवणारं मोठं कुणी नाही. एखादी मुलगी आपल्याला सोयीचं तिथून सुरू करते आणि बाकीच्या तिच्यात मिसळतात. शिवाय ही गाणी चार-पाच स्वरांतच फिरतात, टिपऱ्यांवर लय धरलेली असते. आपला सा आपण ठरवायचा, हे आपल्या मुलींना येतच होतं. पुढे आपणच ते विसरलो.

जाड आवाजाबद्दलही एक शब्द. बाईचा आवाज बारीकच हवा, असं सिनेमातली गाणी ऐकून आपल्याला वाटायला लागलं आहे. गंगूबाई हनगल यांचं गाणं ऐका. घशाच्या दुखण्यावर उपचार झाल्यानंतर त्यांचा आवाज भारदस्त झाला, अनोळखी माणसाला पुरुषाचा वाटावा इतका. त्यांनी तो लपवला नाही, बारीक करायचा प्रयत्न केला नाही. त्याच आवाजात गायल्या आणि देशानं त्यांना डोक्यावर घेतलं.

आता राग म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते, नाहीतर मुलीच्या वहीचं अर्धं पान राहून जाईल. बारा स्वरांतून काही निवडायचे, निदान पाच तरी. त्यांचा चढायचा क्रम म्हणजे आरोह आणि उतरायचा क्रम म्हणजे अवरोह. शिवाय कुठल्या स्वरावर जास्त थांबायचं हेही ठरलेलं असतं. भूप राग घ्या. त्यात पाचच स्वर, सा रे ग प ध. सगळे शुद्ध. म आणि नी वर्ज्य. शिकणाऱ्याला सोपा, ऐकणाऱ्याला गोड. पण हेच पाच स्वर देशकार नावाच्या रागातही आहेत! मग फरक काय? भूपात ग ला मान, तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकारात ध ला मान, तो सकाळी गातात. बेसन तेच, कांदा तोच, मिरची तीच. पातळ ठेवलं तर पिठलं आणि कोरडं केलं तर झुणका. चव एक म्हणाल का?

आणि भैरवी. रे ग ध नी चारही कोमल. मैफल, भजन, कीर्तन संपवताना आपण भैरवी म्हणतो. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांच्या आवाजातली एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात पाठवली गेली. जगभरातल्या संगीताचे जे मोजके नमुने त्या तबकडीवर आहेत, त्यात भारताचा हा एक. ज्या स्वरांत आपलं मंडळ रात्री भजन संपवतं, ते स्वर इतके दूर गेले आहेत.

पेटीबद्दल एक राहिलं. पेटीची सोय मोठी, पण तिच्यात बाराच ठरलेले स्वर निघतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला मींड म्हणतात, ती पेटीतून निघत नाही. याच कारणांवरून आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत होती. आज पेटी रेडिओवर सुखानं वाजते. पण गाणाऱ्यानं लक्षात ठेवायचं, पेटी ही धरायची काठी आहे. चालायचं आपल्या पायांनी.

शेवटी घरचा अभ्यास देते. तीनच गोष्टी.

पहिली. तुमचा सा शोधा. सकाळी उठल्याबरोबर नको, थोडं बोलून गळा मोकळा झाला की. ओठ मिटून सहज गुणगुणा. मग आ काढून जाता येईल तितकं खाली जा. जिथे आवाज घशात अडकतो तिथे थांबा. तो झाला तुमचा तळ. तिथून वर या आणि असा सा धरा की त्याच्या खाली मंद्र प पर्यंत जाता येईल आणि वर तार सा न ओरडता लागेल. घरात पेटी असेल तर ती पट्टी बघून ठेवा. नसेल तर मोबाइलवर तंबोरा मिळतो, त्यात पट्टी बदलता येते. सापडली की वहीत लिहून ठेवा, ब्लाउजचं माप लिहून ठेवतो तशी.

दुसरी. रोज दहा मिनिटं फक्त सा लावा. एका श्वासात जितका टिकेल तितका, आवाज न हलवता. मग सा आणि प. आठवडाभर एवढंच. कंटाळा येईल, तरी करा.

तिसरी. पोळ्या लाटताना केरवा मोजा. एक ते आठ आणि परत एक. प्रत्येक एकला लाटण्यावर थोडा जोर द्या. ती सम. पोळी गोल होईल की नाही सांगता येत नाही, आवर्तन नक्की होईल!

आणि मुलीनं वही दाखवली तर आता घाबरू नका. आडवी रेघ म्हणजे कोमल, वर टिंब म्हणजे तार, खालीवर हात उघडायचा. तिला एक प्रश्न तुम्हीच विचारा, "तुझा सा कोणता गं?" ती गांगरली तर दोघी मिळून शोधा. आणि घरात, शाळेत, शेजारी कुणी लहान मुलगी वरच्या ओळीला अडखळली, तर तिला नुसते ओठ हलवायला सांगू नका. गाणं थोडं खालून सुरू करा.

पुढच्या भागात आपण भूप रागातले सोपे अलंकार घेऊ. ज्यांना आपला सा सापडेल त्यांनी केंद्रावर नक्की कळवा. कोणती पट्टी निघाली ते ऐकायची मला उत्सुकता आहे. माझी काळी चार. तुमची?